अमुक मिनिटांवर

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल सोडलं, कर्नाळ्याचा अंगठा मागे टाकला आणि खारपाड्याच्या पुलावरून पाताळगंगा ओलांडली, की जमिनी विकणारे फलक सुरू होतात. फलकावर एक हिरवीगार टेकडी असते, गवतावर बसून हसणारं एक गोरंपान कुटुंब असतं आणि खाली मिनिटांची यादी असते. विमानतळ अमुक मिनिटांवर. अटल सेतू अमुक मिनिटांवर. रेल्वे स्टेशन तर हाकेच्या अंतरावर. ही मिनिटं कोणत्या वाहनाने, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या सालच्या रस्त्यावर मोजली, हे लिहायला फलकावर जागा उरलेली नसते. मला गंमत वेगळीच वाटते. जागा विकायची या गावातली आणि कौतुक सांगायचं ते इथून किती लवकर निघता येतं याचं! मुलगी दाखवायला बसवावी आणि तिच्या घरापासून बसस्टॉप किती जवळ आहे तेवढंच सांगावं, त्यातला हा प्रकार.

याच पट्ट्यात, पेण तालुक्यात, जिते नावाचं गाव आहे. आमच्या सोसायटीतले एक काका नुकतेच निवृत्त झाले आणि निवृत्त माणसाला होतं तसं त्यांना गाव पाहिजे झालं. स्वतःचं गाव होतं, पण ते चुलत्यांकडे गेलेलं. मग दुसऱ्याचं. "तुमची आत्या पेणला दिलीय ना? मग सांगा, जिते कसं आहे?" असं त्यांनी मला लिफ्टमध्ये विचारलं. लिफ्टमध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चौथ्या मजल्याच्या आत द्यायचं असतं. मी म्हटलं, "चांगलं आहे." ते समाधानाने उतरले. मी मात्र सातव्या मजल्यापर्यंत आणि पुढे बरेच दिवस त्या उत्तराला पुरवण्या जोडत राहिलो.

खरं तर गाव कसं आहे हे गावानेच सांगावं. जावा बेटावरच्या काही गावांनी आपली ओळख करून देण्याचं काम स्वतःच्या हातात घेतलं आहे. बोरोबुदुरच्या स्तूपाजवळ चांदीरेजो म्हणून एक गाव आहे. तिथे पाहुण्यांना घोडागाडीत बसवून शेतं दाखवतात, घरात उतरवून घेतात, रांधून वाढतात. आपल्याकडे गावाची ओळख करून देण्याचा मक्ता एजंटाकडे आहे. एजंट पांढरा शर्ट घालतो, गाडीची काच खाली करून हाताने दाखवतो आणि म्हणतो, "तो डोंगर आहे ना, तो तुमच्या बाल्कनीसमोर येणार." डोंगर जिथल्या तिथे असतो; बाल्कनी यायची बाकी असते.

तर जिते. दिवा-पनवेल-रोहा या रेल्वेमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्यामध्ये जिते हे स्टेशन येतं. आपटा कुठे असं विचारणाऱ्यांनी 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' आठवावा. १९९५ सालच्या त्या चित्रपटाच्या शेवटी बापाने हात सोडल्यावर सिमरन धावत जाऊन ज्या गाडीत चढते, ती गाडी पंजाबची म्हणून दाखवली असली तरी फलाट आपल्या आपट्याचा आहे. ती गाडी रोह्याच्या दिशेने निघाली असती, तर पुढचं स्टेशन जिते. म्हणजे त्या दोघांच्या संसाराची पहिली पाच-सात मिनिटं जित्याच्या वाटेवर गेली असती आणि दारातल्या मासळीवाल्या आयांनी त्यांना "आत सरका, दार अडवू नका" असं सांगितलं असतं. हा ऐतिहासिक योग थोडक्यात हुकला.

रेल्वे इथवर टप्प्याटप्प्याने आली. साठच्या दशकात आपट्यापर्यंत, मग मोठी विश्रांती, आणि १९८६ मध्ये रोह्यापर्यंत. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे सुरू होते. ती २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर धावू लागली. तेव्हापासून मांडवी, कोकणकन्या, मत्स्यगंधा अशा सुंदर नावांच्या गाड्या जित्यावरून जातात. जातात एवढंच. थांबत नाहीत. अख्खं कोकण, अर्धा गोवा आणि बरंचसं मंगळूर जित्याच्या फलाटावरून धडधडत जातं, आणि फलाटावरचा माणूस आपल्या साध्या गाडीची वाट बघत पिशवी या हातातून त्या हातात घेतो. इथे गाड्या मोजक्या आहेत. गाडी चुकली तर पुढची लगेच असते, ही मुंबईतली श्रद्धा पनवेलच्या पुढे उतरवून ठेवावी लागते. मात्र त्यामुळे इथल्या माणसांना वेळापत्रक तोंडपाठ असतं, आणि घड्याळाऐवजी गाड्यांवरून वेळ सांगायची सवय असते. "सकाळची गाडी गेल्यावर ये" म्हणजे नेमकं किती वाजता, हे काकांना कळायला एक वर्ष लागेल.

रस्त्याबद्दल काय सांगावं! पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेलं पोर बालवाडीतून निघून दहावीपर्यंत पोचलं, तरी रस्ता पुरा झाल्याची वार्ता त्याच्या कानावर नव्हती. दर श्रावणात मोठी माणसं पाहणीला येतात, गणपतीच्या आत खड्डे बुजतील असं सांगून जातात, आणि गणपतीच्या आत गणपती येतो. मग चाकरमान्यांच्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात जिते परिसरातल्या लोकांना आपल्याच दारातून पलीकडच्या दारात जाता येत नाही. फलकावरची मिनिटं ज्याने मोजली, त्याने बहुधा ती कोजागिरीच्या मध्यरात्री मोजली असावीत.

पण रेल्वे आणि रस्ता ही झाली जाण्यायेण्याची गोष्ट, म्हणजे पुन्हा तीच फलकवाल्यांची भाषा. राहायचं म्हटलं की पहिली गोष्ट जमीन, आणि जमिनीच्या बाबतीत हा मुलूख फार जुना जाणता आहे. या बाजूला कर्नाळा आणि पेणच्या अंगाला सांकशी, असे दोन किल्ले. १५४० च्या सुमारास गुजरातचा सुलतान, अहमदनगरचा निजामशहा आणि वसईचे पोर्तुगीज यांच्यात या दोन किल्ल्यांवरून ओढाताण झाली. तिघेही बाहेरचे. इथल्या भातशेतीत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. पुढे शिवाजी महाराजांनी कर्नाळा घेतला, पुरंदरच्या तहात तो मोगलांना गेला, १६७० मध्ये परत आला. किल्ला असा हस्तांतरित होत राहिला. फेरफाराची नोंद मात्र नंतरच्या काळातली.

याच तालुक्यात गागोदे गाव आहे. तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. पुढे १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली आणि विनोबांनी देशभर पायी फिरून लोकांकडे जमीन मागितली, तीही दुसऱ्यांना वाटून टाकायला. लाखो एकर मिळाली. आज त्यांच्याच जन्मतालुक्यात जमीन गुंठ्याने बोलली जाते. चाळीस गुंठ्यांचा एकर, पण एकर हा शब्द आता फक्त सातबाऱ्यावर आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिलाय. हे लिहिताना मला विनोबा रागावलेले दिसत नाहीत. ते शांतपणे विचारतील, "गुंठ्याला काय भाव चाललाय?" आणि मग म्हणतील, "सहावा हिस्सा द्या."

दिलेली नाही अशी जमीनही या तालुक्याने पाहिली आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली जमीन घ्यायचं ठरलं, तेव्हा इथले शेतकरी रस्त्यावर उतरले. एन. डी. पाटलांसारखे म्हातारे पुढारी तरुणांच्या पुढे चालत होते. शेवटी २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं: जमीन द्यायची की नाही? सरकारने शेतकऱ्याला असा प्रश्न विचारणं ही मुळातच दुर्मीळ गोष्ट. लोकांनी कागदावर उत्तर दिलं, पुढे प्रकल्प बारगळला आणि भातं पुन्हा लागली. या आंदोलनात ज्याने घोषणा दिल्या, त्यातलाच कोणी आज एजंटाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेला सापडला तर काकांनी नवल करू नये. जबरदस्तीने घेऊ द्यायची नाही म्हणून लढणारा माणूस आपखुशीने विकू शकतो. त्यात मला विसंगती वाटत नाही; थोडी खंत वाटते, पण माझी खंत सातबाऱ्यावर चढत नाही.

आता तर २०२४ मध्ये कर्नाळा-साई-चिरनेर या नावाने उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांचं नवनगर जाहीर झालंय. वर्तमानपत्रं त्याला 'तिसरी मुंबई' म्हणतात. पहिली मुंबई परवडेना म्हणून माणसं दुसरीत गेली, दुसरी परवडेना म्हणून तिसरीकडे बघतायत. एवढं सगळं सोडून शांत गावात जावं म्हणून काका जित्याकडे बघतायत, आणि शहर त्यांच्या मागोमाग आपला टेम्पो घेऊन निघालंय.

जमीन घेताना आणखी एक गंमत होते. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. त्यामुळे मुलुंड-डोंबिवलीतल्या, तुळशीला पाणी घालण्यापलीकडे शेतीशी संबंध न आलेल्या सभ्य गृहस्थांना अचानक आपल्या पणजोबांची आठवण येते. पणजोबांची कुठेतरी, लांजा म्हणा, पाटण म्हणा, सामाईक सात गुंठे वरकस जमीन असते. तिच्यावर चौतीस नावं असतात. त्या चौतिसांत आपलं नाव लावून घेण्यासाठी हा गृहस्थ तलाठ्याकडे चकरा मारतो, दुरावलेल्या चुलतभावाला दिवाळीची मिठाई पाठवतो, आणि शेवटी 'शेतकरी असल्याचा दाखला' मिळाल्यावर तो लॅमिनेट करून घेतो. जित्याला जागा मिळो न मिळो, पण या निमित्ताने चुलतघराण्यांत बोलणी सुरू झाल्याची उदाहरणं आहेत. एनए झालेला प्लॉट घेतला तर हा घरोबा टळतो.

पाण्याचं प्रकरण जमिनीहून विचित्र. रायगडात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आकडा वाचून काका खूश होतील. हा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि डोंगरावरून उतरून खाडीला जाऊन मिळतो. त्याला थांबायला वेळ नसतो. हेटवणे धरण याच तालुक्यात आहे, पण त्यातलं पाणी नळाने नवी मुंबईकडे जातं, आणि पेणच्या खारेपाटातल्या बायका एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघतात. यावर वर्षानुवर्षं मोर्चे निघालेत. मी आत्याला एकदा विचारलं होतं, "एवढा पाऊस पडतो आणि पाणी नाही?" ती म्हणाली, "पाऊस आमचा, पाणी त्यांचं." आत्याची शाळा चौथीपर्यंत झालेली, जलनियोजनावरची जाड पुस्तकं तिने वाचलेली नाहीत, त्यामुळे तिला ते चार शब्दांत सांगता आलं.

पश्चिमेला धरमतरच्या खाडीच्या बाजूला जो सपाट खारेपाट आहे, तिथली जमीन समुद्राकडून उसनी घेतलेली आहे. बाहेरच्या काठाने मातीचे बांध, बांधाला उघाड्या. ओहोटीला उघाडीतून आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं, भरतीला झाप मिटून खारं पाणी बाहेर ठेवायचं. पूर्वी या बाहेरकाठ्यांची निगा गावं मिळून ठेवत. बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की रात्री-बेरात्री घरटी माणूस टिकाव-घमेलं घेऊन धावायचा. न येणाऱ्याला दंड. याला जोळ म्हणत. १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा झाला, सरकारचं खातं आलं, आणि बांध हळूहळू 'आपला'चा 'त्यांचा' झाला. आता कुठे बांध फुटला की खातं अंदाजपत्रक करतं आणि तोवर शेतात कांदळवन उगवतं. कांदळवन एकदा उगवलं की ते संरक्षित. तोडलं तर गुन्हा. अशा रीतीने भाताचा शेतकरी एका पावसाळ्यात विनामोबदला वनसंरक्षक होतो. काकांनी खाडीचं दृश्य दिसणारी स्वस्त जागा कोणी दाखवलीच, तर ते दृश्य किती जवळ येऊ शकतं याचीही चौकशी करावी.

एवढं भिववून झाल्यावर खाण्याकडे वळतो, कारण या मुलखात राहायला यावं ते खरं तर खाण्यासाठी, आणि एकाही फलकावर त्याचा उल्लेख नाही.

मृगाचे पहिले मोठे पाऊस पडले की ओढे फुगतात आणि मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, वर शेतांत चढतात. ही वलगण. त्या एक-दोन रात्री गावातला कर्ता पुरुष घरात सापडत नाही. बॅटऱ्या, पागेरी जाळी, टोपल्या, अगदी मच्छरदाणीचे तुकडे घेऊन सगळे बांधावर. दुसऱ्या दिवशी सर्दी, आणि घरात अंड्यांनी भरलेल्या माशांचं कालवण. काठाकाठाने मुठे निघतात. म्हणजे भाताच्या खाचरांतले खेकडे. याच सुमाराला कातकरी बाया डोंगरातून शेवळं आणतात. जमिनीतून निघणारे हे जांभळट कोंब दिसायला फारसे भाजीसारखे नाहीत, आणि नीट साफ न करता शिजवले तर घशाला अशी खाज सुटते की खाणारा दोन दिवस मौन पाळतो. म्हणून शेवळांबरोबर काकडं नावाची आंबट फळं घालायची. त्या बाया ती सोबतच विकतात. शेवळं घेऊन काकडं न घेणाऱ्या शहरी माणसाकडे त्या कशा बघतात ते एकदा पाहण्यासारखं आहे. सोडे घालून केलेली शेवळांची भाजी आणि तांदळाची भाकरी खाल्ल्यावर काका भावाची घासाघीस करणार नाहीत, म्हणून एजंटाने ती सह्या करण्याच्या दिवशीच खिलवावी.

भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरतात. पाणी द्यावं लागत नाही. जमिनीत उरलेला ओलावा आणि थंडीतलं दंव त्याला पुरतं. पौष-माघात शेंगा भरतात आणि पोपटी लागते. लागते म्हणजे काय, तर मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, आणि ज्यांना चालतं त्यांच्यासाठी मसाला लावलेली कोंबडी. तोंडाला पुन्हा पाला गच्च. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा-पालापाचोळा रचायचा आणि पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. शिजलं की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून चुरचुरण्यावरून ओळखतात, आणि त्यावर नेहमी दोन पक्ष पडतात. आमच्या आतेभावाच्या मते पोपटी काढायला नेहमीच पाच मिनिटं उशीर होतो, आणि आतोबांच्या मते पाच मिनिटं घाई. पस्तीस वर्षांत दोघांचं एकमत झालेलं नाही. पोपटी मात्र दर वेळी संपते.

जिताड्याबद्दल जपून लिहायला हवं, कारण तो इथे मासा कमी आणि मानमरातब जास्त आहे. खाडीतून आणलेली पिल्लं घराजवळच्या तळ्यात सोडायची, लहान मासे घालून दोन-तीन वर्षं वाढवायची, आणि एखाद्या मोठ्या प्रसंगी काढायची. जावयाला जिताडा. व्याह्यांना जिताडा. पूर्वी अडलेलं काम असलं की साहेबाच्या घरीही जिताडा पोचायचा, असं लोक मिस्कीलपणे सांगतात; नोटेपेक्षा हा बरा, कारण तो संध्याकाळपर्यंत शिजून जायचा आणि मागे पुरावा म्हणून फक्त काटे उरायचे. शाकाहारी असाल तर पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडं आहेतच. शाकाहारी माणसाला इथे कमी लेखत नाहीत; त्याची काळजी करतात.

आता माणसं. या पट्ट्यात आगरी समाज मोठा, डोंगरालगत कातकरी आणि ठाकरांच्या वाड्या. नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न "कवा आयलास?" आणि दुसरा, "कोनचा तू?" या दुसऱ्या प्रश्नाला फ्लॅट नंबर किंवा बँकेतला हुद्दा हे उत्तर चालत नाही. कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, निदान कोणाचा भाडेकरू, हे सांगावं लागतं. मी 'पेणच्या अमक्यांचा भाचा' एवढ्यावर चाळीस वर्षं काढली. काकांना असा धागा नाही. तो नसला तरी वर्षभरात गाव त्यांना एखादा चिकटवून देईल. "ते टाकीजवळचे पांढऱ्या केसांचे" अशीही वंशावळ सुरू होऊ शकते. फक्त प्लॉटभोवती आठ फुटी भिंत घालू नये. भिंतीपलीकडच्या माणसाला नातं चिकटवता येत नाही, आणि मग त्याचं नाव 'बंगलेवाला' एवढंच राहतं, तिसऱ्या पिढीपर्यंत.

काकांना शांतता हवी आहे. शांततेबद्दल मी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणार आहे. पावसाळ्यात बेडूक रात्रभर डरावतात. हिवाळ्यात कापलेल्या शेतांत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात; चषक फलंदाजाच्या खांद्याला लागेल एवढा असतो, आणि भोंग्यावरून जे धावतं समालोचन चालतं ते तीन गावांना पुरतं. त्या समालोचनात खेळाडूचं नाव, त्याच्या बापाचं नाव, मामाचं गाव आणि गेल्या वर्षी त्याने सोडलेला झेल, एवढं सगळं दोन चेंडूंमध्ये येतं. मग लग्नसराई. आगरी लग्नात हळद ही लग्नाहून मोठी. बँजो, डीजे आणि माणसं सकाळपर्यंत. पण त्याच मांडवात वयस्कर धवलारीण एका कोपऱ्यात बसून धवले गाते. पूर्वी भटजीशिवाय तिच्या गाण्यांवर लग्नं लागत. तिचा आवाज डीजेच्या दोन गाण्यांच्या मधल्या फटीत ऐकू येतो. त्या फटीसाठी काकांनी जागं राहावं असं मी सांगेन. ते कानात बोळे घालून झोपले तरी मी रागावणार नाही.

शेजारचं स्टेशन हमरापूर. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावं वर्षभर गणपती घडवतात. माघ असो, वैशाख असो, घरांच्या पडव्यांत पांढरे गणपती रांगेने वाळत उभे. रंग नाही, डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती करणाऱ्या हाताला घरात वेगळा मान. बऱ्याच मूर्ती तशाच कच्च्या, बिनरंगाच्या, गावोगावच्या रंगाऱ्यांकडे जातात. परदेशी निघालेले गणपती तर कित्येक महिने आधी खोक्यांत बसतात. शाडू गुजरातहून येतो, प्लास्टरचा प्रश्न कोर्टातून येतो. प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी, मग २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाचा पेच शिल्लक राहिला. त्या काळात या गावांत फेरी मारली तर कारागीर बातम्या लावून मूर्ती घासत बसलेला दिसायचा. बुद्धीची देवता समोर हजारोंच्या संख्येने उभी, आणि निकाल काय लागेल हे त्यांतल्या एकालाही सांगता येत नव्हतं.

मग मी काकांना एकच व्यवहाराचा सल्ला दिला, यावेळी लिफ्टबाहेर. जागा बघायची तर मार्चमध्ये बघू नका. आषाढात बघा. एजंट नको म्हणाला. त्या दिवसांत त्याचा फोन लागत नाही, लागला तर तो गावाला असतो, आणि तो ज्या गावाला असतो ते जिते नसतं. शेवटी आम्ही दोघेच साध्या गाडीने गेलो. काकांनी मुलाचे गमबूट घातले होते, ते एक नंबर मोठे होते. स्टेशनातून चालत, विचारत, नकाशात रंगवलेला तो चौकोन आम्ही शोधून काढला. तिथे पाणी होतं, पाण्यात ओळीने बाया वाकून लावणी करत होत्या, आणि बांधावर इरलं नसलेल्या पण प्लास्टिकचा कागद पांघरलेल्या एका म्हातारबांनी आमच्याकडे बघून विचारलं, "कोनचे तुमी?"

काकांनी आपलं नाव, हुद्दा आणि प्लॉटचा नंबर सांगितला. म्हातारबांनी नंबर दोनदा म्हणून पाहिला.

"अहो बाबा, इथे पाणी किती दिवस थांबतं?" काकांनी विचारलं.

"दसऱ्यापरत. मंग चिखल. मंग वाल."

"आणि प्लॉट?"

"पलाट?" म्हातारबा म्हणाले, "पलाट फाल्गुनान येतं आन मिरगाला जातं."